नवं बांधलेली साखळी

जुन्या चाळीच्या एकशे चाळीस विटा आमच्याकडे होत्या आणि कमानीला एकशे सव्वीस लागणार होत्या. चौदा विटा जास्तीच्या, पण तेवढ्यांत दुसरी कमान होत नाही. पहिलीच पडली असती तर विषय तिथेच संपला असता.

परळला आमची चाळ होती त्या जागेवर आता बावीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. चाळ पाडायच्या आधी रामजीकाकांनी सत्तर खोल्यांतून दोन-दोन विटा काढून घेतल्या होत्या. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गिरणीत बत्तीस वर्षं काम केलेला माणूस. बिल्डरच्या मुकादमाला न जुमानता हातात छिन्नी घेऊन ते खोलीखोलीत फिरले. मग सात वर्षं संक्रमण शिबिरात त्या विटा त्यांच्या खाटेखाली होत्या. त्यांची सून प्रिती म्हणायची, "पप्पांच्या खाटेला भूकंप झाला तरी काही होणार नाही."

टॉवरच्या आवारात बुद्धविहार झाला आणि त्याला लागून मुलांसाठी अभ्यासिकेची खोली झाली. तिच्या दारापुढे या विटांचं काहीतरी करायचं, एवढं कमिटीत ठरलं होतं. माझा भाचा सम्यक सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने लोखंडी चौकट आणि तिच्यावर टाइलसारख्या कापून चिकटवलेल्या विटा, असं चित्र काढून आणलं.

"कापून?" रामजीकाका म्हणाले. 

मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. मीटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी पर्समधून चावीची साखळी काढली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि मधला भाग सोडून दिला.

"हा जो आकार आला ना, तो उलटा केला की कमान होते," मी म्हणाले. "साखळीत प्रत्येक कडी शेजारच्या कडीला फक्त ओढते. उलट केलं की प्रत्येक वीट शेजारच्या विटेला फक्त दाबते. विटेला दाबलेलं चालतं. लोखंड लागत नाही, वीट कापावी लागत नाही."

पुस्तकात याला रज्जुवक्र म्हणतात. तो शब्द मी तिथे उच्चारला नाही.

"मामी, मी कॉम्प्युटरवर काढून देतो की कर्व्ह," सम्यक म्हणाला. "पण पडली तर?"

"कमान उभी राहील ही जबाबदारी माझी."

सेक्रेटरी अजित कांबळ्यांनी ते वाक्य तसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलं. सम्यक वाकून बघत होता. "मामी, ऑन रेकॉर्ड गेलं हं. माघार नाही."

कमान सात फूट रुंद आणि साडेसात फूट उंच करायची, जाडी अर्ध्या विटेएवढी, म्हणजे साडेचार इंच. वर काही भार नाही, मागे खोलीच्या भिंतीचा आधार. विटा रचताना खालून धरून ठेवायला लाकडी साचा लागतो, त्याला सगळे सेंटरिंगच म्हणतात. तो करायचं काम रघुनाथ मेस्त्रींकडे दिलं. ते राहायला लालबागला आणि त्यांचा कारखाना रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या गल्लीत. मी त्यांना रघुभाऊ म्हणते, ते मला मॅडम.

कॉम्प्युटरचा कागद त्यांना पसंत नव्हता. "कागद दमट हवेत ताणला जातो. तुमची साखळी बरी." म्हणून आम्ही खरीच साखळी टांगायचं ठरवलं, पूर्ण मापाची. शेजारच्या भंगारवाल्याकडून जुन्या शटरची साखळी आणली, साडेसतरा फूट मोजून घेतली. कारखान्याच्या भिंतीवर सात फुटांच्या अंतराने दोन लांब खुंट्या ठोकल्या, पाण्याच्या नळीने त्या एका पातळीत आहेत याची खात्री केली आणि साखळी अडकवली. ती थोडा वेळ हलली आणि मग शांत झाली. खालचं टोक साडेसात फुटांवर आलं, एक सूतही इकडेतिकडे नाही. मी बराच वेळ नुसती बघत उभी होते.

"प्लाय उद्या-परवा येईल," रघुभाऊ म्हणाले.

मला त्या रात्रीच नागपूरला निघायचं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं माझं ठरलेलं असतं. मी त्यांना सगळं सांगितलं: प्लाय आला की साखळीच्या मागे सरकवायचा, साखळीच्या कडेने पेन्सिल फिरवायची, रेषेच्या आत सव्वादोन इंच सोडून कापायचं, म्हणजे विटेचा मध्य बरोबर रेषेवर बसेल. "आणि रघुभाऊ, साखळीला हात लावू नका. खुंटीवरून एक कडी जरी सरकली तरी आकार बदलेल."

"नाही लावणार. शब्द दिला."

शनिवारी परत आले तेव्हा सेंटरिंग आवारात येऊन उभंसुद्धा राहिलं होतं. भोवती पंधरा-वीस माणसं. रामजीकाका खुर्ची टाकून समोर बसले होते.

"शैला, ये बघ," ते म्हणाले. "पिंपळाचं पान झालंय नुसतं. कोणी सांगितलं तुला असं टोक काढायला? आम्ही तर बोललो पण नव्हतो."

टोक मी काढलेलं नव्हतं. साखळीचा तळ गोल असतो, टांगलेल्या झोळीसारखा. समोरच्या साच्याला माथ्यावर स्पष्ट टोक होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजू जरा आत ओढल्यासारख्या दिसत होत्या.

सगळे पांगल्यावर मी टेप लावला. रुंदी बरोबर. उंची हवी त्यापेक्षा पावणेतीन इंच जास्त. माथ्याखाली फूटभरावर दोन्हीकडे साचा सव्वादोन इंच आत. विटेच्या जाडीचा निम्मा भागही सव्वादोन इंचच होता. म्हणजे दाब जिथून जायला हवा ती रेषा विटेच्या पार कडेला जाणार होती. अशी कमान सेंटरिंग काढल्यावर कदाचित उभी राहिली असती. कदाचित महिनाभर, कदाचित पहिल्या मुलाने तिला बॅग टेकवेपर्यंत. या 'कदाचित'वर मी चाळीच्या विटा लावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रे रोडला गेले. कारखान्यात रघुभाऊ रंधा मारत होते आणि त्यांच्या बायको लक्ष्मीबाई डबा घेऊन आल्या होत्या. साखळी भिंतीवर तशीच होती. तिच्या बरोबर मध्यावर सुकलेल्या पानाफुलांचा एक जुडगा लोंबत होता: भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू, कुरडूचे तुरे, सुतळीने घट्ट बांधलेले. तसाच एक करवतीला, एक रंध्याच्या पेटीला, एक दाराला.

"रघुभाऊ, हे काय?"

"नवं. दसऱ्याला बांधतो आम्ही. गावाहून मेव्हणा लोंब्या घेऊन येतो, नवीन भाताच्या. दाराला, हत्यारांना, गाडीला, सगळ्याला."

"आखताना हे साखळीवर होतं?"

"होतं ना. दसऱ्याच्या सकाळी बांधलं आणि लगेच आखायला घेतलं. एवढा मुहूर्त कशाला सोडायचा?"

"आखण्यापुरतं काढलं नाहीत?"

त्यांनी रंधा थांबवला. "दसऱ्याच्या दिवशी नवं काढू? काय बोलताय मॅडम! आणि तुम्हीच सांगून गेलात, साखळीला हात लावू नका. काढायला गेलो असतो तर हात लागला असता ना?"

"आणि बांधताना?"

"बांधलं हिने," रघुभाऊ म्हणाले.

"माझ्यावर ढकला आता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मी इचारलंय, ही भंगारातली साखळी, हिका कशाक? तर म्हणाले, आज तीच आमचं हत्यार."

मी हसले आणि मग ते दोघंही हसले. पण मी त्यांना खुंटीवरच्या दोरीने दाखवलं, मधे वजन आलं की दोर कसा टोकदार होतो, तेव्हा रघुभाऊंचा चेहरा उतरला. ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे सगळं वाया."

"सूचना माझी अर्धवट होती. 'हात लावू नका' म्हणाले, 'काही बांधू नका' म्हणायला हवं होतं."

"ते कोणाला सुचणार? मी परत करून देतो, मॅडम. चार दिवस द्या. नवीन प्लाय आणतो." मग ते म्हणाले, "काकांना मात्र तुम्ही सांगा. काल त्यांनी मला हाताला धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, ह्यांनी पिंपळाचं पान केलं."

मी साखळीकडे बघत राहिले. प्रयोगशाळेत मुलं चुकीचं उत्तर घेऊन यायची, तेव्हा मी त्यांना आधी विचारायचे, तुम्ही नक्की काय मोजलंत? इथेही तोच प्रश्न होता. रघुभाऊंनी पेन्सिल प्रामाणिकपणे फिरवली होती. ती रेषा एका खऱ्या साखळीची होती. फक्त तिच्या मध्यावर ओझं होतं. उलटी केल्यावरही तेच खरं. कमानीच्या माथ्यावर तेवढंच ओझं ठेवलं, तर हाच आकार तिच्यासाठी अगदी बरोबर होता.

"रघुभाऊ, कापून उरलेला प्लाय आहे?"

"आहे की. रेषेसकट आहे."

पेन्सिलची रेषा कापलेल्या कडेच्या बाहेर सव्वादोन इंचांवर होती, म्हणून ती उरलेल्या तुकड्यांवर शाबूत होती. आम्ही ते तुकडे साखळीमागे लावले. नवं सुकून हलकं झालेलं, त्यामुळे साखळी आता रेषेला जुळत नव्हती. माथ्याजवळ बोटभर फरक होता. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या हाताने नवं सोडवलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यावर ठेवलं. "आता सोडलं तर चालता," त्या म्हणाल्या. "दसरो झालो."

त्या जागी मी प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तिच्यात खिळे टाकायला सुरुवात केली. मूठभर, मग थोडे थोडे, मग एकेक. रघुभाऊ प्लायला डोळा लावून बसले होते.

"अजून. अजून घाला. अजून दोन. बस! एक काढा. हां, बसली."

साखळी पेन्सिलच्या रेषेवर टोकापासून टोकापर्यंत बसली होती. लक्ष्मीबाईंनीही वाकून पाहिलं. शेजारच्या भंगारवाल्याकडून मी वजनकाटा मागून आणला. खिळे तीनशे ग्रॅम. साखळी तीन किलो नऊशे, बादलीत ठेवून मोजली आणि बादली वजा केली. म्हणजे ओझं साखळीच्या तेराव्या हिश्शाइतकं.

"आता कमानीचं वजन," मी म्हणाले. "वीट दोन किलो नऊशे, अशा एकशे सव्वीस. सिमेंट-वाळूचा मसाला धरून साधारण चारशे किलो. त्याचा तेरावा हिस्सा काढा."

रघुभाऊंनी कानावरची पेन्सिल काढून फळीवर भागाकार केला. "एकतीसला थोडं कमी."

"तेवढं वजन माथ्यावर कायमचं ठेवायचं."

"आणि मग हेच सेंटरिंग चालेल?"

"हेच. आणि वजन नसेल तर चालणार नाही."

त्यांनी फळीवरच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग डबा उघडला आणि मला बळेबळे जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी होती.

संध्याकाळी सम्यकने कॉम्प्युटरवर ताळा केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मामी, बरोबर आहे. तीनेक किलो इकडेतिकडे झालं तरी चालेल, रेषा पाव इंच सरकेल फक्त. पण तीस किलोचं ठेवणार काय? काँक्रीटचा ठोकळा? घाण दिसेल."

त्याचं खरं होतं. मी कमिटीला झालेलं सगळं सांगितलं, नव्यापासून खिळ्यांपर्यंत. कांबळे लिहीत होते. पिंपळाचं पान चुकून झालं, हे ऐकून रामजीकाका जरा खट्टू झाले.

"म्हणजे डोक्यावर दगड ठेवला तर ती नीट राहणार, नाहीतर पडणार? उलटंच आहे तुझं सगळं."

"उलटंच आहे, काका. साखळी उलटी केलीय ना."

"दगड कसला पाहिजे?"

"अठ्ठावीस ते चौतीस किलोचा. चपटा असेल तर बरं, नीट बसेल."

मागच्या रांगेतून प्रिती म्हणाली, "पप्पा, आपला पाटा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीत दुसऱ्या मजल्याच्या नळापाशी तो पाटा होता. माझी आई, काकांची बायको, मजल्यावरच्या सगळ्या बायका त्याच्यावर पाळीपाळीने मसाला वाटायच्या. लहानपणी आईबरोबर रांगेत उभं राहून मीही तो पाण्याने धुतला आहे. विटांबरोबर काकांनी तोही उचलून आणला होता, हे मला माहीत नव्हतं.

"चौदाव्या मजल्यावर वॉशिंग मशीनच्या खाली आहे," प्रिती म्हणाली. "मशीन हलू नये म्हणून ठेवलाय. घेऊन जा एकदाचा."

"मशीनचं काय?"

"मशीन नाचू दे."

काका मात्र लगेच हो म्हणाले नाहीत. मीटिंग संपल्यावर ते माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आले. "शैला, पाटा वर ठेवला आणि कमान पडली, तर पाटा पण जाईल. विटांचं एकवेळ... त्या सगळ्यांच्या होत्या. पाटा तुझ्या काकूने घासून घासून मधे खोल केलाय."

"काका, पाट्यामुळे कमान पडणार नाही. पाटा आहे म्हणून ती उभी राहील."

"नक्की?"

"साखळीवर बघितलंय मी."

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. "चल मग. सम्यकला पाठव, माझ्याने उचलत नाही आता."

पाटा एकोणतीस किलोचा निघाला. उरलेलं वजन त्याला बसवायच्या मसाल्यात भरून निघणार होतं.

कमान रचायला सहा दिवस लागले. गवंड्याने दोन्ही पायांकडून एकाच वेळी वर चढायचं, डावीकडे एक थर, उजवीकडे एक थर, असं मी सांगितलं होतं आणि तो ते अगदी निगुतीने करत होता. काही विटांवर रंगाचे थर होते. हिरवा रंग आमच्या खोलीचा, निळा समोरच्यांचा. रंगाची बाजू आत ठेवायची की बाहेर, यावर एक सकाळ गेली. शेवटी बाहेर ठेवली. सहाव्या दिवशी माथ्यावर दोन्ही बाजू मिळाल्या, मसाल्याच्या गादीवर पाटा बसवला, खोलगट बाजू वर. पुढचे पंधरा दिवस दिवसातून दोनदा मी पाणी मारलं. चौदा विटा उरल्या होत्या, एकही फुटली नव्हती.

सेंटरिंग काढायचा दिवस रविवार ठरवला. साच्याच्या पायांखाली लाकडी पाचरी होत्या. त्या ठोकून सैल केल्या की साचा खाली बसतो आणि कमान स्वतःच्या जोरावर राहते. पाचरी रघुभाऊंनीच काढायच्या, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. सकाळी नऊ वाजता ते नवीन शर्ट घालून आले. लक्ष्मीबाई सोबत होत्या.

मी सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं. रामजीकाका खुर्ची मागे घ्यायला तयार नव्हते, प्रितीने खुर्चीसकट त्यांना ओढलं.

रघुभाऊंनी हातोडीने डावीकडची पाचर हलकेच ठोकली, मग उजवीकडची. पुन्हा डावी. पुन्हा उजवी. चौथ्या फेरीला लाकूड कुरकुरलं आणि साचा सूतभर खाली आला. कुठून तरी चिमूटभर वाळू पडली.

"थांबा," मी म्हणाले.

मी जवळ गेले. करवतीचं पातळ पातं साचा आणि विटा यांच्या फटीत घातलं आणि पायापासून वर सरकवत नेलं. डावीकडून माथ्यापर्यंत कुठेही न अडता गेलं. माझा हात पुरेना तेव्हा रघुभाऊंनी पातं माझ्या हातातून घेतलं आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण खाली आणलं. साच्यावर कमानीचा भार कुठेच नव्हता. विटांच्या सांध्यांवर मी आदल्या दिवशी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या, तडा गेला तर फाटाव्यात म्हणून. सोळाच्या सोळा पट्ट्या शाबूत होत्या.

"काढा आता सगळं," मी म्हणाले.

साचा बाजूला झाला आणि कमानीतून अभ्यासिकेचं निळं दार दिसायला लागलं. रामजीकाका उठले, काठी प्रितीकडे दिली, कमानीखाली जाऊन उभे राहिले आणि वर पाहिलं. मग एका विटेवर तळहात ठेवला. कोणत्या खोलीची ती, हे त्यांना माहीत असावं.

"इतिवृत्तात काय लिहू?" कांबळ्यांनी मला विचारलं.

"कमान उभी आहे, एवढंच लिहा."

"आणि जबाबदारी?"

"ती आता पाट्याची," सम्यक म्हणाला.

अभ्यासिकेचं उद्‌घाटन संविधान दिनाला करायचं ठरलं. लोक चहाकडे वळले. रघुभाऊ मात्र तिथेच घुटमळत होते. लक्ष्मीबाई त्यांना मागून कोपराने ढोसत होत्या.

"मॅडम, एक विचारू? उद्‌घाटनाच्या दिवशी हिला कमानीला हार घालायचाय. झेंडूचा. मधोमध गोंडा असलेला." त्यांनी घसा साफ केला. "किती वजनाचा चालेल?"

मी मनात हिशेब केला.

"दोन किलोपर्यंत काही हरकत नाही," मी म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी दीड किलोचोच करतंय," त्या म्हणाल्या. "उगाच कशाक."